सी-१८ च्या साखळ्या सिलिकावर आडव्या पडतायत, ब्रश कुठे गेला?

नवशिका_एमडी: क्रोमॅटोग्राफीच्या कॉलममधल्या सी-१८ थराचं एमडी, म्हणजे रेणूंच्या हालचालींचं सिम्युलेशन करतोय. सिलिकाचा ५ × ५ नॅनोमीटरचा सपाट तुकडा, वर ऑक्टाडेसिलच्या (१८ कार्बनच्या, म्हणजेच सी-१८) ४५ साखळ्या, म्हणजे साधारण ३ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर. सुरुवातीला सगळ्या ताठ उभ्या केल्या होत्या. ३०० केल्विनला रन सोडला आणि थोड्या वेळात सगळ्या लोळल्या. पुस्तकातल्या चित्रात तर ब्रशसारख्या उभ्या असतात. फोर्स फील्ड (अणूंमधल्या बलांची सूत्रं) चुकलं का?

कॉलमवाला: सॉल्व्हंट घातलंय?

नवशिका_एमडी: नाही, सध्या निर्वातच.

कॉलमवाला: मग फोर्स फील्डला कशाला बोल लावताय! हिशोब करा. तुमच्याकडे चौरस नॅनोमीटरमागे १.८ साखळ्या आहेत. द्रव ऑक्टाडेकेनच्या घनतेने त्या पसरल्या तर थर जेमतेम १ नॅनोमीटरचा होतो. पूर्ण ताणलेली साखळी २.३ च्या आसपास. मधली जागा भरायला कुणी नाही, त्या उभ्या राहतील कशाला? मिथेनॉल-पाणी घाला, थोड्या उठतील. पण ताठ ब्रश विसरा, ते चित्र मला कधीच पटलेलं नाही. एक गॉश वळण (सरळ साखळीला पडणारा पीळ) साधारण २-३ किलोज्यूल प्रति मोलला पडतं आणि ३०० केल्विनला आरटी (उष्णतेतून मिळणारी ऊर्जा) २.५, म्हणजे वळणं होणारच. मोकळ्या टोकाकडे जास्त.

आणि उरलेले सिलॅनॉल (सिलिकावरचे ओएच गट) ठेवलेत ना? सिलिकावर मुळात ८ मायक्रोमोल प्रति चौरस मीटर धरतात. तुमच्या तुकड्यावर १२० च्या घरात. एका साखळीने एकच खाल्ला तरी ७५ शिल्लक. एंडकॅपिंगनेही (उरलेले सिलॅनॉल छोट्या गटांनी झाकूनही) सगळे जात नाहीत. मिथेनॉल आणि पाणी आत शिरून तिथेच हायड्रोजन बंध करतात. ते काढून टाकलेत तर सॉल्व्हंटचं आतलं वाटप चुकीचं येईल.

पीएएच_प्रेमी: ब्रशच्या जवळ जाणारं काही हवं असेल तर पॉलिमेरिक (साखळ्या एकमेकींनाही जोडलेला, दाट) सी-१८ बांधा, ५ मायक्रोमोलच्या आसपास. तिथे साखळ्या बऱ्याच सरळ असतात, तापमान उतरवलं की आणखी. अमेरिकेच्या मानक संस्थेच्या, एनआयएसटीच्या, एसआरएम ८६९ या कॉलमच्या चाचणीत हाच फरक दिसतो: सपाट बेंझो[ए]पायरीन आणि खोगिरासारखं वाकडं टेट्राबेंझोनॅफ्थलीन. पॉलिमेरिकवर सपाट रेणू मागे रेंगाळतो, मोनोमेरिकवर (प्रत्येक साखळी सुटी बांधलेल्यावर, तुमच्यासारख्या) वाकडा. सिम्युलेशनमध्ये हे दोन रेणू टाकून बघाच.

नवशिका_एमडी: सिलॅनॉल मी सगळे काढले होते, परत लावतो. सपाट तुकडा चालेल ना? छिद्रं तर गोलसर असतात.

कॉलमवाला: सुरुवातीला चालेल. पण १० नॅनोमीटरच्या छिद्रात भिंत आत वळलेली असते, टोकांना जागा कमी मिळते. सपाटावरचे आकडे त्यावर जसेच्या तसे चिकटवू नका.