विषय : अध्यक्ष-उपाध्यक्षांना एकच मत?

प्रेषक : सचिव, घटना समिती

नमस्कार मंडळी,
आपल्या मंडळाच्या पुढच्या निवडणुकीपासून अध्यक्ष आणि उपाध्यक्ष जोडीने उभे राहावेत आणि सभासदांनी जोडीला एकच मत द्यावं, अशी सूचना आली आहे. "अमेरिकेत असंच असतं" हे त्यामागचं मुख्य कारण. सर्वांनी मत कळवावं. आपली घटना लिहिणारे काका आता पुण्यात असतात, त्यांनी जरूर लिहावं.

प्रेषक : काका, कोथरूड

सचिवताई, सप्रेम नमस्कार.

अमेरिकेचा दाखला द्यायचा तर पूर्ण द्यावा. सुरुवातीला तिथे जोडी नव्हतीच. प्रत्येक निर्वाचक, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडण्यासाठी राज्याराज्यांतून नेमलेला प्रतिनिधी, दोन नावं द्यायचा. पहिला येईल तो राष्ट्राध्यक्ष, दुसरा उपराष्ट्राध्यक्ष. त्यामुळे १७९६ साली जॉन अ‍ॅडम्स निवडून आले आणि त्यांच्या हाताखाली त्यांचेच प्रतिस्पर्धी जेफरसन! १८०० साली जेफरसन आणि त्यांच्याच पक्षाचे आरन बर यांना सारखी ७३ मतं पडली. कोणतं मत कोणत्या पदाला, हे मतपत्रिकेवर लिहायची सोयच नव्हती. प्रतिनिधिगृहात ३६ फेऱ्या झाल्या तेव्हा निकाल लागला. १८०४ च्या बाराव्या दुरुस्तीपासून निर्वाचक दोन पदांना दोन वेगळी मतं देतात, आजही. जोडी असते ती सामान्य मतदाराच्या कागदावर. एका खुणेत त्याला दोन्ही नावं घ्यावी लागतात. १८३६ मध्ये तर व्हर्जिनिया राज्याच्या निर्वाचकांनी राष्ट्राध्यक्षपदासाठी व्हॅन ब्युरन यांना मत दिलं, पण त्यांचे जोडीदार रिचर्ड जॉन्सन यांना दिलं नाही. शेवटी सिनेटने जॉन्सन यांना निवडलं.

आपल्याकडे वेगळं. राष्ट्रपतींना खासदार आणि आमदार निवडतात, उपराष्ट्रपतींना फक्त खासदार. दोघांची जोडी नसते. २००७ मध्ये तर पदावर असलेले उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत हे प्रतिभाताई पाटील यांच्याविरुद्ध उभे राहू शकले. इथे पुण्याजवळच्या गावांत सरपंच थेट लोक निवडतात, पण उपसरपंच ग्रामपंचायतीचे सदस्य ठरवतात. पुण्याचे महापौर आणि उपमहापौर दोघांनाही नगरसेवकच निवडतात. दुसऱ्या माणसाबद्दल मतदाराला थेट विचारणाऱ्या जागा फार थोड्या आहेत. आपल्या मंडळात ती आहे, आणि मला ती मोलाची वाटते. जोडी केली की उपाध्यक्ष कोण हे उमेदवारच ठरवतो, सभासद नाही. माझा विरोध नोंदवावा.

प्रेषक : एक सभासद

काका, नमस्कार.
तुमचं म्हणणं पटतं, पण गेल्या कार्यकाळात काय झालं ते इथे राहणाऱ्यांनी पाहिलंय. अध्यक्ष एका गटाचे, उपाध्यक्ष दुसऱ्या. गणेशोत्सवाच्या हॉलवर दोघांच्या सह्या लागतात आणि सहीसाठी तीन आठवडे फोनाफोनी. अध्यक्ष आजारी पडले तर काम त्याच दिशेने पुढे न्यायला त्यांचाच माणूस हवा ना? जोडीचा खरा फायदा तोच. सभासदांना दुसरं नाव नको असेल तर ते जोडीच नाकारतील.

प्रेषक : काका, कोथरूड

बाळ, सह्यांचं दुखणं खरं आहे, माझा विरोध मी मागे घेतो असं नाही, पण तुझ्या बाजूला वजन आहे. जोडी करायचीच असेल तर दोन कलमं आधी लिहून घ्या. एक, उपाध्यक्षाचं नाव अर्ज भरतानाच द्यायचं. नंतर बदल नाही. दुसरं जास्त महत्त्वाचं : मध्येच उपाध्यक्ष गेला तर काय? अमेरिकेत १९६७ च्या पंचविसाव्या दुरुस्तीपर्यंत ती जागा रिकामीच राहायची. ती दुरुस्ती झाली, आणि १९७३ मध्ये उपराष्ट्राध्यक्ष अ‍ॅग्न्यू यांनी राजीनामा दिल्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी जेराल्ड फोर्ड यांचं नाव सुचवलं, संसदेने मान्य केलं. पुढच्याच वर्षी निक्सन यांनीही राजीनामा दिला आणि फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले. देशभरच्या मतदारांनी त्यांना दोन्हींपैकी एकाही पदावर निवडलं नव्हतं. आपल्या मंडळात रिकामी जागा अध्यक्षाच्या मर्जीने भरू नये, सर्वसाधारण सभा बोलावूनच भरावी. हे कलम मसुद्यात आलं तर मी जोडीला मत देईन.