बुर्गोन्यची सहल: पाच नको, दोनच तळघरं

प्रेषक: सहल समिती
विषय: जूनचा दुसरा शनिवार, बुर्गोन्य

नमस्कार मंडळी,

या वर्षीची एकदिवसीय सहल बुर्गोन्यला, म्हणजे आपण ज्याला बरगंडी म्हणतो तिथे काढायची आहे. पॅरिसच्या गार द लियों स्टेशनहून सकाळची तेजेवे, म्हणजे वेगवान रेल्वे, घेतली की दीड तासाच्या आसपास दिजों येतं. स्टेशनवर आठ आसनी गाडी आणि गाडी चालवणारा वाटाड्या असेल. संध्याकाळी बोन या गावाहून परत.

मागच्या सहलीत आपण दिवसात वाइनची पाच तळघरं पाहिली. ती आखणी एका कंपनीने केली होती आणि होकार मी दिला होता. तिसऱ्या तळघरापासून सगळ्यांची जीभ बधिर झाली आणि वेलीला कुणी हातसुद्धा लावला नाही. म्हणून यंदा दोनच तळघरं घेतली आहेत. सकाळी दिजोंच्या दक्षिणेला कोत द न्वी या पट्ट्यात पिनो न्वार द्राक्षाची लाल वाइन, दुपारी बोनच्या बाजूला शार्दोने द्राक्षाची पांढरी. मधला वेळ शिवारात चालायला. नावं रविवारपर्यंत कळवा.

---

प्रेषक: एक सभासद, पॅरिस
विषय: उत्तर: जूनचा दुसरा शनिवार, बुर्गोन्य

ताई, नमस्कार.

माझे सासू-सासरे जुलैपर्यंत इथे आहेत. दोघंही वाइन घेत नाहीत, सासूबाई अंडंही खात नाहीत. मुलगी अकरा वर्षांची. आम्ही पाच जण आलो तर या तिघांनी दिवसभर काय करायचं? त्यांना घरी ठेवून आम्ही दोघांनीच यावं हे मनाला पटत नाही. आणि चव घेऊन थुंकतात म्हणे, ते यजमानांसमोर बरं दिसतं का? आमचे हे विचारताहेत.

---

प्रेषक: एक सभासद, लियों
विषय: उत्तर: उत्तर: जूनचा दुसरा शनिवार, बुर्गोन्य

वहिनी, काका-काकूंना नक्की आणा. मी निफाडकडचा. आमच्या घरी द्राक्षबाग आहे, आणि मी पहिल्यांदा व्होन-रोमाने गावातल्या बागेच्या बांधावर उभा राहिलो तेव्हा ग्लास हातात नव्हताच.

आपल्याकडे बाग मांडवावर. खाली माणूस उभ्याने फिरतो, घड डोक्यावर लोंबतात. इथे वेल जेमतेम कमरेएवढा आणि ओळी इतक्या जवळ की हेक्टरी दहा हजारांच्या आसपास वेली बसतात. ट्रॅक्टरसुद्धा ओळीत शिरत नाही, वेलींच्या वरून पाय फाकून चालतो. आपण एप्रिलला खरड छाटणी करतो आणि ऑक्टोबरला फळछाटणी. इथे छाटणी एकदाच, ऐन हिवाळ्यात, कारण थंडीत वेल खरंच झोपतो. खुंट, म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर कलम बांधतात तो, मात्र दोन्हीकडे परका. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने फ्रान्सच्या बागा संपवल्या, तेव्हा अमेरिकन खुंटावर कलम करून त्या पुन्हा उभ्या केल्या. आमच्या बागेतला डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकेचाच. हे वडिलांना फोनवर सांगितलं तेव्हा ते अर्धा तास बोलत राहिले.

भुरी आणि केवडा हे वेलीचे रोग इथेही आहेत. गारपीटही आहे: 2012 पासून सलग तीन वर्षं बोनजवळच्या पोमार, व्होल्ने भागाला गारांनी झोडपलं. 2021 च्या एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर हिमतुषार पडलं, तेव्हा शेतकऱ्यांनी रात्री ओळींमध्ये मोठाल्या मेणबत्त्या पेटवून बागा वाचवायची धडपड केली. अवकाळीच्या रात्री आमच्या घरी कुणी झोपत नाही, म्हणून ते फोटो मला बघवले नाहीत.

काकांना जमिनीच्या गोष्टी आवडतात ना? त्यांना क्लो द वुजो दाखवा. सितोच्या मठातल्या साधूंनी बाराव्या शतकापासून लावत नेलेली, भिंतीने बंदिस्त केलेली सुमारे 50 हेक्टरची एकच बाग. फ्रेंच राज्यक्रांतीत सरकारजमा झाली, पुढे 1889 मध्ये विकली जाऊन तिचे तुकडे पडू लागले. आज तिचे 80 च्या आसपास मालक आहेत. मुलांना समान वाटा देणाऱ्या वारसा कायद्याने सगळ्या बुर्गोन्यचं असंच झालंय. एकेकाच्या वाट्याला चार ओळी इथे, सहा ओळी पुढच्या गावात. सातबाऱ्यावर आपण हेक्टर-आर लिहितो, तसं इथले जुने लोक ‘उव्रे’ मोजतात. एक उव्रे म्हणजे सव्वाचार आरांहून किंचित जास्त, एका माणसाची एका दिवसाची मशागत. वाटण्यांचं दुःख काकांना कुणी समजावून सांगायला नको.

---

प्रेषक: सहल समिती
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: जूनचा दुसरा शनिवार, बुर्गोन्य

वहिनी, दादांनी अर्धं उत्तर दिलंच आहे. त्यांचा मेल वाचून मी आखणीत क्लो द वुजोचा वेळ अर्ध्या तासाचा दीड तास केला.

थुंकण्याबद्दल: प्रत्येक तळघरात त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि वाइन बनवणारा स्वतः ते वापरतो. कुणी वाईट मानत नाही. तुमच्या मिस्टरांना सांगा, निःसंकोच थुंका, म्हणजे दुसऱ्या तळघरात चव कळेल. मुलीला तळघरात यायला हरकत नाही, चव फक्त अठरा पूर्ण झालेल्यांना. खाली जूनमध्येही गारवा असतो, काका-काकूंसाठी शाल ठेवा. 228 लिटरची ओकची पिंपं रांगेने बघितली की मुलीला प्रश्न पडतीलच, ते तिने विचारावेत असं मी तळघरवाल्यांना आधीच कळवते.

काकूंसाठी एक गोष्ट जपून. चवीबरोबर चीजचे गरम ‘गुजेर’ देतात, त्यात अंडं असतं. त्यांच्यासाठी वेगळा डबा मी करून आणते, पोळी-भाजी आणि दशम्या. जे अंडं खात नाहीत पण वाइन घेतात, त्यांनीही विचारून घ्यावं: लाल वाइन निवळायला अंड्याचा पांढरा बलक वापरायची इथे जुनी रीत आहे. सगळेच वापरतात असं नाही, पण विचारलं की सांगतात.

दुपारी बोनचं ओतेल-द्यू हे जुनं रुग्णालय सगळ्यांसाठी आहे. शंभर वर्षांच्या युद्धाने हा मुलूख नागवला, तेव्हा बुर्गोन्यच्या ड्यूकचा चान्सलर निकोला रोलँ आणि त्याची बायको गिगोन द सालँ यांनी 1443 मध्ये गरिबांसाठी हे रुग्णालय बांधायला घेतलं. रंगीत कौलांचं छप्पर फोटोत पाहिलं असेल, पण मला तिथली खाटांची लांब ओळ पाहून भरून येतं. या जागेत 1971 पर्यंत रुग्ण होते. लोकांनी दान दिलेल्या बागांची वाइन संस्थेसाठी 1859 पासून नोव्हेंबरमध्ये लिलावात विकली जाते. काकूंना या दानाची गोष्ट मला स्वतः सांगायची आहे.

रोमाने-कोंती या नावाजलेल्या बागेच्या क्रुसापाशी थांबू. ती बाग अवघी 1.8 हेक्टर आहे. बांध ओलांडून आत जायचं नाही, मुलांना आधीच सांगून ठेवा.

तुमची पाच धरून सात नावं झाली. आठवी जागा मी लियोंच्या दादांसाठी ठेवली आहे. दादा, तुम्ही दिजोंला सकाळी साडेनऊपर्यंत पोचाल का? आणि वडिलांना विचारून त्यांचे प्रश्न लिहून आणा, तळघरात पहिला वेळ तुम्हाला.