बोटांच्या ठशांनी गळती थांबते का? आंध्र आणि झारखंडच्या अभ्यासांविषयी एक शंका

प्रश्न: विदर्भकन्या

लोकप्रशासनाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी मी व्हर्जिनिया विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक संदीप सुखटणकर यांचे संशोधन वाचत आहे. कार्तिक मुरलीधरन आणि पॉल नीहाउस यांच्यासह त्यांनी तत्कालीन आंध्र प्रदेशातील 8 जिल्ह्यांत 2010 ते 2012 या काळात एक मोठा प्रयोग केला. रोजगार हमीची मजुरी ठसे घेऊन स्मार्टकार्डाद्वारे देण्याची योजना 157 मंडलांपैकी (मंडल म्हणजे जिल्ह्यातील उपविभाग) कोठे आधी आणि कोठे नंतर सुरू करायची, हे त्यांनी सोडत काढून ठरवले. मजुरीतील गळती त्यामुळे 41 टक्क्यांनी घटल्याचे ते सांगतात. याच तिघांनी पुढे झारखंडमध्ये रेशन दुकानांवरील आधार पडताळणी अभ्यासली, तेव्हा मात्र पडताळणीमुळे गळतीत घट आढळली नाही. उलट ज्या कुटुंबांचे आधार शिधापत्रिकेशी जोडलेले नव्हते, त्यांच्या पदरात पडणारा लाभ सुमारे 10 टक्क्यांनी कमी झाला. ठसे दोन्हीकडे घेतले गेले, मग निष्कर्ष इतके वेगळे कसे?

उत्तर: हजेरीपट

प्रथम 41 टक्क्यांचा अर्थ स्पष्ट करतो, कारण तो सहज चुकीचा समजला जातो. जुन्याच पद्धतीने मजुरी मिळणाऱ्या मंडलांत सरकारने खर्ची दाखवलेल्या मजुरीपैकी सुमारे 31 टक्के मजुरांपर्यंत पोहोचत नव्हती; स्मार्टकार्डाच्या मंडलांत हे प्रमाण जवळपास 13 टक्के गुणांनी कमी, म्हणजे 18 टक्क्यांच्या आसपास होते. मूळ 31 च्या तुलनेत हीच ती 41 टक्के घट. चोरी पुष्कळ उरलीच.

मूळ प्रश्न चोरी कोणत्या टप्प्यावर होते हा आहे. रोजगार हमीत ती हजेरीपटावर होते: मजूर चार दिवस कामावर आला, तर पटावर सात दिवस मांडले जातात आणि वरचे पैसे मधल्या मधे जिरतात. पैसे घेताना स्वतः मजुराचा ठसा लागू लागला की वाढीव दिवसांची मजुरी त्याच्या हातून गेल्याशिवाय निघत नाही, आणि त्याला वाटा द्यावा लागतो किंवा खोटी हजेरी तरी सोडावी लागते. शिवाय मजुरी पोस्टात न देता गावातच, बहुधा गावातल्याच एखाद्या शिकलेल्या स्त्रीच्या हातून दिली जाऊ लागली. त्यामुळे पैसे लवकर मिळाले आणि खेपाही वाचल्या.

रेशनची तऱ्हा निराळी आहे. कार्डधारक खरा असतो, अंगठाही त्याचाच असतो, पावतीवर पंचवीस किलो छापले जातात आणि पिशवीत बावीस पडतात. माणूस कोण आहे हे यंत्र सांगते, वजन किती भरले हे सांगत नाही. म्हणून खोट्या नावांची चोरी जेथे मुळात थोडी आहे, तेथे ठशांनी चोर सापडत नाही; झिजलेल्या बोटांचा मजूर आणि आधार न जोडलेली वृद्धा मात्र अडतात.

आणखी एक फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. आंध्रमध्ये दोन वर्षांनंतरही स्मार्टकार्डाच्या मंडलांतली सुमारे निम्मीच देयके नव्या पद्धतीने होत होती आणि ज्यांच्याकडे कार्ड नव्हते त्यांची मजुरी सरकारने अडवली नाही. अनेकांनी याला ढिलाई म्हटले, पण माझ्या मते गरिबांचे नुकसान टळले ते याच ढिलाईमुळे. झारखंडमध्ये 2017 साली शासनाने यंत्रातील नोंदी आणि दुकानदाराकडचा शिल्लक साठा यांचा मेळ घालून पुढचे धान्य कापायला सुरुवात केली. गळती तेव्हा खरोखर घटली, पण त्या कपातीचा एक हिस्सा खऱ्या लाभार्थ्यांच्या ताटातून गेला.

उत्तर: कृष्णाकाठ

सुखटणकरांचे काम ठशांपुरते नाही. आपल्या महाराष्ट्रातील साखर कारखान्यांवर त्यांचा 2012 साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आहे. ज्या कारखान्यांचा अध्यक्ष निवडणुकीच्या राजकारणात उभा असतो, ते कारखाने निवडणुकीच्या वर्षी उसाला कमी भाव देतात, असे त्यात आकडेवारीनिशी दाखवले आहे. यात खोटा सभासद नाही, काट्यावर नोंदलेला ऊसही खरा आहे. टनामागे भाव उतरतो आणि तो सर्वांसाठी एकसारखाच उतरतो. निवडून आल्यावर अध्यक्ष ही भरपाई करत असावेत, म्हणून सभासद सहन करत असावेत, अशी शक्यताही त्यांनी मांडली आहे. आमच्या भागात पहिल्या उचलीवर, म्हणजे उसाच्या पैशांच्या पहिल्या हप्त्यावर, होणारी भांडणे पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. अशा चोरीवर कोणते यंत्र बसवणार?

विदर्भकन्या

दोघांचेही आभार. मग पडताळणी न वाढवता गळती रोखण्याचा काही प्रयोग या मंडळींनी केला आहे का?

उत्तर: हजेरीपट

केला आहे, आणि तो स्वस्तही पडला. तेलंगणात 2018 साली रयतु बंधू योजनेत शेतकऱ्यांना एकरी 4,000 रुपयांचे धनादेश वाटले गेले. सोडतीने निवडलेल्या काही मंडलांतल्या कृषी अधिकाऱ्यांना आधीच कळवण्यात आले की तुमच्या शेतकऱ्यांना फोन करून धनादेश मिळाला का, केव्हा मिळाला, हे विचारले जाणार आहे. एवढ्याने धनादेश मिळालेल्या शेतकऱ्यांची संख्या सुमारे दीड टक्क्याने वाढली. दीड टक्का किरकोळ वाटेल, परंतु वाढीव पोहोचलेल्या रकमेच्या तुलनेत फोनचा खर्च नगण्य होता, आणि मुख्य म्हणजे शेतकऱ्याला काहीच सिद्ध करावे लागले नाही. जाब अधिकाऱ्याला द्यावा लागला. प्रबंधासाठी झारखंडच्या शेजारी हाच अभ्यास ठेवावा, असे मी सुचवीन.