वीस हजारांत प्रोजेक्टर, आणि तो माझा जीमेल कशाला मागतो?

दुसऱ्या_मजल्यावरची, डहाणूकर कॉलनी

प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमचा टीव्ही गेल्या महिन्यात गेला. दुरुस्तीवाला म्हणाला, पॅनेलच गेलंय, खर्च करू नका. मुलाला प्रोजेक्टर हवाय. सासऱ्यांना क्रिकेट आणि सकाळच्या बातम्या. मला काय हवंय ते कुणी विचारलेलं नाही, पण पैसे मी देणार आहे. वीस हजार, वर एक रुपया नाही.

हॉल ११ फूट लांब, १० रुंद. समोरच्या भिंतीवर खिडकी आणि शोकेस यांच्यामध्ये ६ फूट ८ इंच मोकळी जागा. मधोमध पंखा.

शनिवारी पुण्यातल्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, गेलो. एका दुकानात साडेसात हजारांचा दाखवला. खोक्यावर ‘४के’ आणि ‘९००० ल्युमेन्स’. दुकानात छान दिसत होता, पण दुकानदाराने आधी शटर अर्धं खाली ओढलं होतं, हे मला घरी आल्यावर आठवलं. चालू केल्याबरोबर प्रोजेक्टरने वायफाय मागितलं आणि मग जीमेलचा पासवर्ड. मुलगा टाकायलाच निघाला होता. मी हात धरला.

कारण सांगते, लाज वाटते तरी. मोडका टीव्ही भंगारात देण्यापेक्षा ऑनलाइन विकायला टाकला होता. एकाचा फोन आला, दीड हजार लगेच पाठवतो म्हणाला, आणि क्यूआर कोड पाठवला. ‘मॅडम, स्कॅन करून पिन टाका, पैसे जमा होतील.’ मी टाकला. गणिताची शिक्षिका आहे मी, वजाबाकी शिकवते. ४,९०० गेले. नऊ दिवस झाले, घरात फक्त ह्यांना माहीत आहे.

तर आता कुठल्याही यंत्राने पासवर्ड मागितला की पोटात गोळा येतो. माझ्या त्याच जीमेलवर बँकेचे मेल, शाळेचे पगारपत्रक, सासऱ्यांची पेन्शन, सगळं आहे. मी उगाच घाबरतेय का? आणि प्रोजेक्टर कुठला घ्यावा?

मांडवाचा_माणूस

ताई, मी वीस वर्षं गणपतीत आणि लग्नात प्रोजेक्टर लावतो. ल्युमेन्स म्हणजे उजेडाचं माप, पण खोक्यावरचा आकडा विसरा. ‘आन्सी ल्युमेन्स’, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने मोजलेले, किती, एवढंच विचारा. दुकानदार गोंधळला तर समजा १०० ते २०० च्या आत आहे. तुमच्या खोलीला पडदे ओढून ३०० ते ५०० पुरतात. उजेडात बातम्या बघायच्या तर दोन-तीन हजार लागतील, ते तुमच्या पैशांत नाही. आजोबांना आधीच सांगून ठेवा.

दुसरं, ‘४के सपोर्ट’ म्हणजे ४के चित्र आत घेतो, दाखवतो ते कमीच. ‘नेटिव्ह’, म्हणजे प्रत्यक्ष दाखवतो ते पिक्सेल, किती ते विचारा. १९२० बाय १०८०, म्हणजे १०८०पी, असेल तरच घ्या.

तिसरं, ‘थ्रो रेशो’. अंतर भागिले चित्राची रुंदी. या भावातले बरेचसे १.२ ते १.३ चे असतात. गणित तुम्हीच करा, तुमचा विषय आहे.

आणि पंखा! छताला लावायच्या आधी पंख्याच्या पात्या किरणांच्या वाटेत येतात का बघा. माझ्या एका गिऱ्हाइकाने हजार रुपये देऊन ब्रॅकेट बसवलं आणि मग सगळा उन्हाळा सिनेमा बघताना पंखा बंद.

दुसऱ्या_मजल्यावरची

केलं गणित. इंच कर्णात मोजतात, म्हणून १०० इंची चित्राची रुंदी ८७ इंच, म्हणजे ७ फूट ३ इंच. भिंत आहे ६ फूट ८. दुकानदार १०० इंच, १०० इंच करत होता, ते शोकेसवर सांडलं असतं. ८० इंचीची रुंदी ७० इंच. ते बसतं. १.२५ धरलं तर अंतर साधारण ७ फूट ३ इंच. म्हणजे प्रोजेक्टर सोफ्याच्या मागे नाही, पुढे टीपॉयवर. आणि पंख्याच्या खालून किरण सरळ जातात. भिंतीला वर्तमानपत्राचे कागद चिकटवून बघितलं, सासरे म्हणाले सामना आहे का वधूवर मेळावा.

तिरका ठेवून ‘कीस्टोन’ने सरळ केला तर चालेल ना?

मांडवाचा_माणूस

चालतं, पण कीस्टोन म्हणजे तिरकं पडणारं चित्र यंत्रातच आक्रसून सरळ करणं. तेवढे पिक्सेल वाया जातात. टीपॉयखाली चार पुस्तकं घाला, ते बरं. आणि ‘सीलबंद ऑप्टिकल इंजिन’, म्हणजे भिंगं-दिव्याचा भाग बंदिस्त, असलेला घ्या. उघड्या बनावटीत धूळ शिरते आणि सहा महिन्यांत चित्रावर डाग दिसतात. पुण्यात धुळीची कमी नाही, तुम्हाला सांगायला नको.

हिंजवडी_शटल

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. जीमेलबद्दल तुमचा हात धरणं बरोबर होतं.

जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ‘बॅडबॉक्स २.०’ नावाच्या प्रकाराबद्दल जाहीर इशारा दिला होता. स्वस्त अँड्रॉइड बॉक्स, फोटो फ्रेम आणि त्यात डिजिटल प्रोजेक्टरही. काही उपकरणांत विकायच्या आधीच घातक सॉफ्टवेअर भरलेलं, काहींत सुरुवातीला अ‍ॅप उतरवताना शिरतं. मग तुमच्या घरच्या वायफायवरून दुसऱ्याच कुणाचे उद्योग चालतात. अशी यंत्रं बहुतेक गूगलने प्रमाणित न केलेली असतात. सगळीच वाईट असतील असं नाही, पण बाहेरून ओळखता येत नाही. ‘प्ले प्रोटेक्ट’ (घातक सॉफ्टवेअर पकडणारी गूगलची सोय) बंद करा असं कुणी सांगितलं की तिथेच थांबा.

मी काय केलंय ते सांगतो. प्रोजेक्टर साधाच घेतला, त्याच्या स्वतःच्या अँड्रॉइडला वायफाय दिलंच नाही. एचडीएमआयला चांगल्या कंपनीची स्ट्रीमिंग स्टिक लावली. ती गेस्ट वायफायवर (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय), आणि तिच्यासाठी वेगळा जीमेल, ज्यावर बँक नाही, आईवडील नाहीत, काही नाही. शिवाय नेटफ्लिक्सने प्रमाणित न केलेल्या यंत्रावर ते चाललं तरी सहसा ४८०पी च्या, म्हणजे धूसर चित्राच्या, वर जात नाही, म्हणजे १०८०पी चा प्रोजेक्टर घेऊन उपयोग शून्य. स्टिकमुळे तेही सुटतं.

आता मुख्य मेलकडे या. गूगल खात्यातल्या सुरक्षेच्या पानावर दोन गोष्टी बघा. ‘तुमची उपकरणं’, तिथे अनोळखी काही असेल तर साइन आउट. आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर कुठला आहे. बंद पडलेला नंबर कंपनी काही महिन्यांनी दुसऱ्याला देते, आणि मग तुमच्या मेलची किल्ली त्या अनोळखी माणसाकडे. पासवर्डनंतरच्या दुसऱ्या पायरीसाठी एसएमएसपेक्षा ऑथेंटिकेटर (कोड देणारं अ‍ॅप) किंवा पासकी (फोनच्या लॉकने साइन इन) बरी. फोन हरवला तर खातं उघडायचे बॅकअप कोड छापून कपाटात ठेवा, फोनमध्ये नको.

निवृत्त_कॅशियर, सदाशिव पेठ

मुली, नऊ दिवस गप्प का बसलीस? आजच १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन कर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाक, आणि बँकेला लेखी कळव. लगेच कळवलं असतं तर ज्या खात्यात पैसे गेले ते गोठवता येण्याची शक्यता जास्त होती. पण तक्रार टाकच. ते खातं पुढच्या माणसाला लुबाडायला वापरलं जाणार आहे.

पैसे मिळवायला पिन लागत नाही. कधीच नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले, बाकी सगळ्या गप्पा. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमात, चूक ना बँकेची ना ग्राहकाची, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाला भुर्दंड नाही. पण पिन आपणच टाकला तर कळवेपर्यंतचा तोटा आपला. कटू आहे, पण माहीत असलेलं बरं.

मी तीन गोष्टी करतो. पेन्शनचं खातं यूपीआयला जोडलेलंच नाही, यूपीआयसाठी दुसऱ्या बँकेत पाच-सात हजारांचं वेगळं खातं. भाजीवाल्याला द्यायला यूपीआय लाइट, त्यात एका वेळी ५,००० पर्यंतच ठेवता येतात आणि हजारापर्यंतच्या खर्चाला पिन लागत नाही. आणि सिमला पिन लावलाय. फोन चोरीला गेला तर चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो, आणि सगळे ओटीपी तिथे येतात. मात्र सिमचा पिन तीनदा चुकला की पीयूके, म्हणजे सिम उघडायचा कंपनीचा कोड, मागतो, तेव्हा आकडा लिहून ठेव.

दुसऱ्या_मजल्यावरची

काका, शिव्या घातल्यात ते बरं केलंत. १९३० ला फोन लागला, तक्रार क्रमांक मिळाला. पैसे परत येतील असं कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलंही नाही.

मेल तपासला. रिकव्हरीला सासऱ्यांचा जुना नंबर होता, चार वर्षांपूर्वी बंद केलेला. त्यावर फोन लावला तर एका बाईंनी उचलला. ‘कोण पाहिजे?’ म्हणाल्या. मी ठेवून दिला आणि संध्याकाळपर्यंत तो नंबर बदलून टाकला. बॅकअप कोड देवघराच्या खणात, हळदीकुंकवाच्या डबीखाली.

प्रोजेक्टर १०८०पी नेटिव्ह, ४०० आन्सी, सीलबंद, साडेचौदा हजार. स्टिक वेगळी. मेल वेगळा, नाव मुलाने ठेवलंय, इथे लिहिण्यासारखं नाही.

सासरे मात्र ऐकत नाहीत. सकाळी अकराला सगळे पडदे ओढून बातम्या लावतात. काल खालच्या जोशी काकू वर येऊन हळूच विचारून गेल्या, घरात कुणी आजारी आहे का.