वापरलेली एसएल ३२० घरच्या घरी नीट करायची आहे. सुरुवात कोठून करावी?

उघडेछत यांचा प्रश्न

नमस्कार. मी नुकतीच १९९४ सालची मर्सिडीज-बेंझ एसएल ३२० विकत घेतली आहे. गाडी आर१२९ मालिकेतील असून तिला सहा सिलिंडरचे एम१०४ इंजिन, हायड्रॉलिक (तेलाच्या) दाबावर उघडणारे कापडी छत आणि सोबत मूळचे ॲल्युमिनियमचे हार्डटॉप, म्हणजे काढता-घालता येणारे कडक छत, आहे. इंजिन व गिअरबॉक्स यांविषयी सध्या तक्रार नाही. मात्र छत उघडताना कधी कधी अर्ध्यावर थांबते, चालकाच्या डोक्यावरील सन व्हायजरवर तेलाचे डाग आहेत, शेजारच्या सीटपुढील कार्पेटला दमट वास येतो, चालकाच्या सीटचे लेदर कडेला तडकले आहे आणि छतातील मागची प्लॅस्टिकची काच इतकी पिवळी पडली आहे की आरशात मागचे वाहन नीट ओळखू येत नाही. रंगाची चमकही गेली आहे.

माझ्याकडे पान्यांचा बरा संच, मल्टिमीटर आणि छप्पर असलेली जागा आहे. गाडी उचलण्याची लिफ्ट नाही. लेदर आणि पॉलिश ही कामे कमी साधनांत होण्यासारखी असल्यामुळे त्यांपासून सुरुवात करून मग छताकडे वळावे, आणि शेवटी नवी म्युझिक सिस्टीम व वारा अडवणारी जाळी बसवावी, असा विचार आहे. हा क्रम योग्य आहे का? यांपैकी कोणते काम घरी करूच नये?

निचरा यांचे उत्तर

अभिनंदन. गाडी चांगली निवडली आहे, पण क्रम मात्र उलटा करावा असे मी सुचवेन. दमट वास असलेल्या गाडीत आधी लेदर रंगवणे म्हणजे ओल न थांबवता भिंतीला रंग देणे होय.

उघड्या छताच्या गाडीत पाणी पूर्णपणे बाहेर अडवलेले नसते. रबर बीडिंगच्या आत थोडे पाणी येणार हे निर्मात्याने गृहीत धरलेले असते आणि ते ठरलेल्या वाटेने खाली सोडण्यासाठी पन्हळी व नळ्या दिलेल्या असतात. या वाटा पाने, धूळ आणि जुन्या बीडिंगचे तुकडे यांनी बुजल्या की पाणी आत वळते. म्हणून प्रथम दोन ठिकाणे पाहावीत. पहिले, बोनेटच्या मागे, समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेली पन्हळ, कारण शेजारच्या सीटपुढे ओल असल्यास संशय तेथेच जातो. दुसरे, छत घडी होऊन ज्या कप्प्यात बसते त्याचा तळ. नळी मोकळी करण्यासाठी गवत कापण्याच्या यंत्रातील जाड नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवावी. कॉम्प्रेसरची हवा जोरात मारू नये. जुनी नळी आतल्या सांध्यातून निसटली तर ती परत जागेवर बसवण्यासाठी अर्धी गाडी उकलावी लागते.

त्यानंतर गळतीची जागा शोधावी. एकाने आत टॉर्च घेऊन बसावे आणि दुसऱ्याने पाइपातून दाब न देता पाणी सोडावे: आधी दाराच्या खालच्या कडेला, मग खिडकीच्या काचेच्या तळाशी, मग समोरच्या काचेच्या कोपऱ्यावर आणि सर्वांत शेवटी छताच्या पुढच्या सांध्यावर. खालून वर जाण्याचे कारण असे की पाणी कोणत्या उंचीला पोहोचल्यावर आत येऊ लागले हे नेमके कळते. वरूनच पाणी ओतल्यास सगळेच एकदम ओले होते आणि काहीही सिद्ध होत नाही. बऱ्याचदा दोष बीडिंगचा नसून खिडकीची काच एखाद्या मिलिमीटरने बाहेर झुकलेली असते. या दारांना काचेभोवती चौकट नसल्यामुळे काच बीडिंगवर किती दाबून बसते यावर सगळे अवलंबून असते आणि ती जुळवणी दाराचे आतील आवरण काढल्यावर करता येते.

कार्पेट वरून कोरडे लागले तरी समाधान मानू नये. त्याखाली जाड फोम असतो आणि तो आठवडेच्या आठवडे पाणी धरून ठेवतो. कार्पेट उचलून फोम वेगळा वाळवावा आणि तेवढ्यात खालचा पत्रा व वायरींचे जोड तपासून घ्यावेत.

तेलकटहात यांचे उत्तर

सन व्हायजरवरचे डाग या मालिकेत ओळखीचे आहेत. समोरच्या काचेच्या चौकटीत छत अडकवून धरणारी कुलपे हायड्रॉलिक सिलिंडरवर चालतात. त्यांची सील (तेल आत रोखणारी कडी) वयाने ठिसूळ होतात आणि तेल चालकाच्या डोक्यावर किंवा मांडीवर टपकू लागते. या छताला असे दहाहून अधिक सिलिंडर आहेत. सगळ्यांची सील एकाच वयाची असल्यामुळे एक गळू लागला की उरलेलेही फार मागे नसतात. म्हणून एकेक काढण्यापेक्षा सर्व सिलिंडर एकदम काढून नव्या सीलसाठी हायड्रॉलिक कारागिराकडे देणे मला शहाणपणाचे वाटते. सिलिंडर काढणे व बसवणे घरी होते. ते उघडून सील बदलणे मात्र दांड्याला ओरखडा न येऊ देता करायचे असते, त्यामुळे ते ज्याच्याकडे योग्य साधने आहेत त्याच्यावर सोपवावे. काढण्यापूर्वी प्रत्येक नळीवर चिठ्ठी लावावी आणि छायाचित्र घ्यावे, कारण एकाच सिलिंडरच्या दोन नळ्यांची अदलाबदल झाली तर उघडण्याचा आदेश बंद होण्यात बदलतो आणि एखादे झाकण दुसऱ्यावर आदळू शकते.

पंप आणि तेलाची टाकी डिकीत, स्टेपनीच्या खाली आहे. तेथे निर्मात्याने सांगितलेले खनिज हायड्रॉलिक तेलच घालावे. ब्रेक ऑइल त्यात एकदाही जाऊ देऊ नये. ते या सीलना फुगवून निकामी करते आणि मग कारागिराचे कामही वाया जाते.

तरीही, छत अर्ध्यावर थांबण्यामागे तेलच आहे असे आताच ठरवू नका. ही यंत्रणा पायरीपायरीने चालते. कुलूप सुटले, मागचे झाकण उघडले, छताचा सांगाडा उचलला गेला, अशी प्रत्येक पायरी पुरी झाल्याची खूण एक लहान स्विच देतो आणि ती खूण मिळाल्याशिवाय पुढची पायरी सुरूच होत नाही. एक स्विच मळलेला असला तरी छत तेथेच थांबते. त्याहून साधी शक्यता म्हणजे बॅटरी. इंजिन बंद असताना विसावलेल्या, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. पंप मोठा विद्युतप्रवाह ओढतो, म्हणून छताच्या चाचण्या इंजिन चालू ठेवून किंवा चार्जर जोडूनच कराव्यात.

सुरक्षेबाबत एवढे सांगतो, आणि ते गांभीर्याने घ्यावे. छत किंवा मागचे झाकण अर्धवट उघडे असताना ते केवळ तेलाच्या दाबावर तोलले आहे असे समजून हात घालू नये. लाकडी दांड्याचा भक्कम आधार द्यावा आणि मगच काम करावे. तसेच सीटमागची रोलबार (गाडी उलटल्यास प्रवाशांना वाचवणारी दांडी) आणीबाणीत सुमारे ०.३ सेकंदात उभी राहते. तिच्या वायरींशी किंवा आवरणाशी काम करताना बॅटरी सोडवलेली असावी आणि चेहरा तिच्या वाटेत नसावा.

तांब्याचीतार यांचे उत्तर

वरील दोन्ही उत्तरे उत्तम आहेत, परंतु पाण्याच्याही आधी एक तपासणी करावी असे माझे मत आहे. गाडी १९९४ ची आहे हे वाचताच मी थांबलो. त्या सुमारास, ढोबळमानाने १९९२ ते १९९५ या काळात, मर्सिडीजच्या अनेक इंजिनांवर बसवलेल्या वायरिंग हार्नेसचे, म्हणजे इंजिनच्या वायरींच्या जुडग्याचे, आवरण उष्णतेने कोरडे पडून भुगा होते, आणि एम१०४ त्यात मोडते. तांब्याच्या तारा उघड्या पडून एकमेकींना टेकल्या की इंजिन अडखळू लागते, आणि नशीब वाईट असेल तर इंजिनचे नियंत्रक मॉड्यूलही जळते. इंजिनविषयी तक्रार नाही म्हणून हार्नेस ठीक आहे असे मानता येत नाही. तारा हलेपर्यंत त्या निमूट असतात, आणि घरी काम करताना आपण नेमक्या त्याच हलवतो.

तपासणी सोपी आहे. इंजिन थंड असताना, बॅटरी सोडवून, इग्निशन कॉइलजवळ जेथे वायरी बाहेरच्या नळकांड्यातून बाहेर पडतात तेथे टॉर्चने पाहावे. आवरण मऊ व लवचीक असावे. तेथे तडे किंवा भुगा दिसल्यास टेप गुंडाळून वेळ मारून नेऊ नये, कारण दिसणारा भाग हा संपूर्ण हार्नेसचा फक्त शेवट असतो. हार्नेसवर त्याच्या निर्मितीचा दिनांक छापलेली पट्टी सहसा सापडते. ती गाडीच्या वर्षाहून बरीच नंतरची असेल तर पूर्वीच्या मालकाने हे काम आधीच करून घेतले आहे. थ्रॉटल ॲक्च्युएटरच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) वायरीही त्याच पठडीतील आहेत आणि लोक त्यांना विसरतात.

नव्या म्युझिक सिस्टीमविषयी: हार्नेसचा निकाल लागेपर्यंत या गाडीत एकही जादा वायर ओढू नये. नंतर बसवताना मूळ जोडाला बसणारा ॲडॉप्टर वापरावा, जुन्या वायरी कापू नयेत आणि मूळ रेडिओ जपून ठेवावा. उद्या ही गाडी घेणारा माणूस तो आधी मागेल.

उघडेछत

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हार्नेस पाहिला. पट्टीवर २००३ हे वर्ष आहे आणि आवरण लवचीक आहे. थ्रॉटलकडील वायरींचा दिनांक मात्र सापडला नाही, त्यामुळे त्या वेगळ्या तपासून घेईन. बोनेटमागच्या पन्हळीत कुजलेल्या पानांचा थर होता. तो काढल्यावर पाइपाची चाचणी केली असता आत पाणी आले नाही, परंतु कार्पेटखालचा फोम अजून ओला आहे. तो वाळवण्यासाठी सीट काढाव्या लागतील. तेव्हाच लेदरचेही काम करावे का, आणि मागच्या पिवळ्या काचेचे काय करावे?

कातडेआणिकापड यांचे उत्तर

सीट काढायच्याच असतील तर लेदरचे काम तेव्हाच करावे, हे सयुक्तिक आहे. मात्र या गाडीत सीटबेल्ट सीटच्या सांगाड्यातच बसवलेला आहे आणि तो ताणणारी स्फोटक यंत्रणाही तेथेच असते. त्यामुळे बॅटरी सोडवून काही वेळ थांबावे आणि त्यानंतरच जोड काढावेत. सीट परत बसवताना बोल्ट निर्मात्याने दिलेल्या टॉर्कवरच (आवळण्याच्या ठरलेल्या जोरावरच) आवळावेत. अपघातात बेल्टचा सगळा भार याच बोल्टांवर येतो. सीट जड असतात, तेव्हा मदतीला कोणी असल्याखेरीज त्या उचलू नयेत.

लेदरवर आधी पाण्याचा एक थेंब ठेवून पाहावे. थेंब तसाच राहिला तर वरचा रंगाचा थर शाबूत आहे, आणि अशा लेदरला तेलकट मलम चोळण्याचा फारसा उपयोग नाही. ते आत जात नाही, वर बसून धूळ धरते. थेंब शोषला गेला तर थर गेला आहे. तडकलेल्या कडेला सौम्य क्लीनर व मऊ ब्रशने मूळ मळ काढावा, बारीक पॉलिश कागदाने कडा सपाट कराव्यात, तड्यांत लवचीक फिलर पातळ थरांत भरावा आणि मग पाण्यावर आधारित रंगाचे विरळ हात स्पंजने द्यावेत. शेवटी मॅट टॉपकोट द्यावा. तो चकचकीत निवडल्यास सीट रेक्झिनची वाटते. शिवण उसवली असेल तर रंगाआधी ती शिवून घ्यावी.

मागची काच पीव्हीसीची असते. केवळ धुरकट असेल तर प्लॅस्टिकच्या पॉलिशने बरीच उजळते, परंतु पिवळेपणा पदार्थाच्या आतपर्यंत गेलेला असतो आणि घासून जात नाही. तुमच्या वर्णनावरून काचेचा तुकडा बदलावाच लागेल. कापड व शिवण चांगली असल्यास छत शिवणारा कारागीर फक्त काच बदलून देऊ शकतो. अशा वेळी त्याला धागा सूर्यप्रकाशाने न कुजणारा, पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) वापरण्यास सांगावे, कारण छतात कापडाआधी धागा जातो. संपूर्ण नवे छत ताणून बसवणे मी घरी सुचवणार नाही. आतल्या पट्ट्यांचा ताण थोडा जरी चुकला तरी पुढचा सांधा जुळत नाही, आणि निचरा यांनी सांगितलेली गळती पुन्हा सुरू होते. तोवर थंडीत छताची घडी करू नये, कारण गार पीव्हीसी घडीच्या रेषेवर फुटते. ओले कापडही घडी करून कप्प्यात कोंडू नये. धुताना प्रेशर वॉशर टाळावा आणि पाणी-रोधक फवारा पूर्ण वाळलेल्या कापडावरच मारावा.

निचरा

फोमबद्दल: सीट निघाल्यावर तो पिळून न काढता शोषक टॉवेलांनी दाबावा आणि सावलीत उभा करून वाळवावा. उन्हात तो कडक होतो.

रंगाविषयी कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात सांगतो. पॉलिशपूर्वी जाडी मोजण्याचे यंत्र मिळाल्यास प्रत्येक भाग मोजावा. कारखान्यातील रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असते. एखादा भाग त्याहून बराच जाड असेल तर तो नंतर रंगवलेला आहे आणि त्याखाली काय आहे हे पाहणे रास्त ठरेल. कडा व घड्यांवर थर पातळ असतो, तेथे मशीन लावू नये. बाजूच्या खालच्या प्लॅस्टिक पट्ट्यांमागे आणि जॅक लावण्याच्या जागांच्या झाकणांमागे गंज दडतो, म्हणून ती झाकणे आधी उघडून पाहावीत. लिफ्ट नसल्यामुळे खालून करायचे कोणतेही काम केवळ जॅकवर करू नये, भक्कम स्टँड वापरावेत. गंजलेल्या जागेवर तर स्टँडही लावू नये.

वारा अडवणारी जाळी अवश्य घ्यावी. ती रोलबारवर बसते, तिला एकही वायर लागत नाही, आणि छत उघडे असताना वेग वाढला की मानेमागे उलटा फिरणारा वारा ती बराच कमी करते. म्युझिक सिस्टीमच्या आधी ती बसवून पाहा. वारा कमी झाल्यावर मूळचे स्पीकरही पुरेसे ऐकू येतात असे तुम्हाला आढळण्याची शक्यता आहे.

तेलकटहात

सीट बाहेर आहेत तोवर मागच्या भागातील सिलिंडरांपर्यंत हात सहज पोहोचतो. सर्व सिलिंडर काढायचे ठरले असेल तर ते याच वेळी काढून कारागिराकडे द्यावेत. ते परत येईपर्यंत हार्डटॉप लावून गाडी चालवता येईल, फक्त तोवर छताचे बटण कोणी दाबणार नाही याची तजवीज करावी. हार्डटॉप दोघांनीच उचलावे.