मदत हवी आहे: आयात शुल्काचा भार शेवटी कोणावर पडतो?

नमस्कार मंडळी, वाहन उद्योगातल्या आयात शुल्काबद्दल वाचताना एका मुद्द्यावर अडलोय. युरोपशी कोंबड्यांच्या व्यापारावरून भांडण झालं, म्हणून अमेरिकेने १९६४ मध्ये हलक्या ट्रकवर २५ टक्के शुल्क लावलं. मोटारींवर मात्र अनेक वर्षं फक्त २.५ टक्के होतं. मग फोर्डने मालवाहू व्हॅनला मागच्या सीट बसवून ती प्रवासी गाडी म्हणून आणली आणि बंदरावर उतरताच सीट काढून टाकल्या! एवढा खटाटोप परवडतो म्हणजे शुल्क किती जाचक असेल.

परदेशी स्पर्धक बाहेर राहिले की देशी कंपन्याही त्या आडोशाने किंमत वाढवतात का? सुटे भागच आयात होत असतील तर? ग्राहकाच्या खिशाला बसलेली झळ मोजतात कशी? जाणकारांनी कृपया उदाहरणासह समजावून सांगा.