विषय: शनिवारच्या आरोग्य शिबिरातला वजनकाटा

युवा विभाग:
पत्रक आज रात्री छपाईला जातंय आणि त्यात अजून तेच: ‘बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) १८.५ च्या खाली आलेल्या मुलांना खाण्याच्या विकाराबद्दल सल्ला’. शिवाय काटा दारातच, सगळ्यांसमोर. मागच्या बैठकीत मी यालाच विरोध केला होता. बुलिमिया, म्हणजे भराभर खाऊन मग मुद्दाम उलट्या वगैरे करून ते बाहेर काढणं, असलेल्यांचं वजन बऱ्याचदा चारचौघांसारखंच असतं. काट्यावर ती मुलं सापडणार कशी?

आरोग्य समिती:
पत्रक आमची समिती ठरवते, हे कार्यकारिणीत मंजूर झालेलं आहे. ॲनोरेक्सियात, म्हणजे जाड होण्याच्या भीतीने खाणं तोडतात त्यात, वजन घटतं ना? मग काही तरी मोजायला नको का? दुसरी जागा असेल तर सुचवा.

डॉक्टर वहिनी:
घटतं. पण १८.५ हा आकडा प्रौढांचा. वाढत्या वयात मुलाची स्वतःची वाढीची रेघ अचानक खाली वळली का, ते बघतात. बिंज ईटिंग या विकारात ताबा सुटून भराभर खाणं होतं, मागून अपराधीपणा येतो, पण खाल्लेलं बाहेर काढायला मुद्दाम उलट्या करणं किंवा जुलाबाची औषधं घेणं नसतं. एआरएफआयडी, म्हणजे खाणं टाळण्याचा विकार, त्यात तर बारीक व्हायची इच्छाच नसते. घास अडकेल ही धास्ती असते, नाहीतर वास-पोत सोसत नाही. आणि मुलग्यांना विसरू नका. ॲनोरेक्सियाच्या निदानातली पाळी बंद होण्याची अट २०१३ च्या डीएसएम-५ मध्येच (मानसिक विकारांच्या निदानाची अमेरिकन पुस्तिका) काढून टाकली. काट्याऐवजी ‘स्कॉफ’ या खाण्याच्या विकाराच्या प्राथमिक चाचणीचे पाच प्रश्न छापा. दोन ‘हो’ आले तर तपासणीला जायचं.

ताई (ग्रंथालय):
वहिनींना अनुमोदन. माझ्या मुलीचं वजन कधीच कमी नव्हतं, म्हणून पहिल्या डॉक्टरांनी ‘वयच तसं आहे’ म्हणून परत पाठवलं. जेवण झालं की ती बाथरूममध्ये, आणि नळ मोठ्याने सोडलेला. उलटीसाठी घशात बोटं घालून सांध्यांवर घट्टे पडले होते. शेवटी दंतवैद्यांनी दातांची झीज बघून विचारलं. मग रक्त तपासलं तर पोटॅशियम इतकं खाली की हृदयाची लय बिघडण्याची भीती. सीबीटीने, म्हणजे विचार आणि सवयी बदलायला शिकवणाऱ्या मानसोपचाराने, ती सावरली, पण वेळ लागला. दारात काटा ठेवलात तर ती पायरीवरूनच परत फिरेल. आणि कृपा करून ‘किती छान बारीक झालीस!’ कुणाला म्हणू नका. उलटीनंतर लगेच ब्रश नको, नुसती चूळ भरावी, हेही छापा.

खजिनदार काका:
ब्रश का नको? आम्ही तर उलट समजत होतो.

डॉक्टर वहिनी:
काका, आम्लाने एनॅमल मऊ झालेलं असतं, ब्रशने ते खरवडलं जातं.

खजिनदार काका:
बरं. पण जे खातच नाहीत त्यांना समोर बसवून पोटभर जेवू घातलं की झालं, नाही का?

डॉक्टर वहिनी:
नको, काका! फार दिवस उपाशी असलेल्याला एकदम भरपूर खायला दिलं तर रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, जीवावर बेतू शकतं. सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच हवी. तब्येत स्थिर झाल्यावर मात्र किशोरवयीन मुलांच्या जेवणाची सूत्रं आईवडिलांनी हाती घ्यायची, अशी कुटुंबाधारित उपचारपद्धती आहे आणि ती उपयोगी पडते. मूल चक्कर येऊन पडलं, छातीत धडधडलं, किंवा जीव द्यायचं बोललं, तर शिबिराची वाट न बघता थेट इस्पितळात न्या.

आरोग्य समिती:
काटा रक्तदाबाच्या खोलीत, पडद्यामागे. ज्याला हवं त्यानेच वजन करावं. बीएमआयची ओळ काढतो. पाच प्रश्न मराठीत कोण देतंय? नऊच्या आत हवेत.

डॉक्टर वहिनी:
मी देते. ‘दोन हो म्हणजे निदान नव्हे’ ही ओळ प्रश्नांच्या वर, ठळक अक्षरात छापा.